निळी रेघ, लाल रेघ



पाटबंधारे खाते नकाशावर नदीकाठी दोन रेघा ओढते. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळीच्या आत घर बांधू नये असे म्हणतात, बांधलेली दिसतातच! आपल्या सांगलीत आयर्विन पुलाशी ४५ फुटांना धोका समजतात. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णामाई ५७ फुटांवर गेली.

पण पाणी आधी मोरीतून उलटे वर येते, हे नकाशात कुठून असणार? ते आपल्याला ठाऊक. म्हणून गल्लीगल्लीचा कागद आपणच करावा. पाणी प्रथम कुठे चढते, कोणाची सासू अंथरुणाला खिळली आहे, कोणाकडे बाळंतीण आहे, सारे त्यात यावे. होडी दारी आल्यावर विचारीत बसायला सवड नसते. माझ्या गल्लीचा कागद मी आणला आहे. तुमचे आज चहानंतर लिहू.