अम्मी, जरा हळू बोल



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर कोडमधल्या चुका शोधते. आज माझीच एक चूक सांगते.

मागच्या हिवाळ्यात सात वर्षांच्या मुलाला घेऊन मी मेहकरहून एसटीनं सिंदखेड राजाला निघाले होते. खिडकीबाहेर बघत तो ओरडला, "अम्मी, वो देखो!" दोन-चार जणांनी वळून पाहिलं. मी त्याच्या कानात म्हणाले, "हळू बोल. बाहेर आई म्हण." पुढचा रस्ताभर तो गप्प होता.

लखुजी जाधवांच्या वाड्यात आम्ही जिजाऊंचं जन्मस्थान पाहिलं. जन्म १२ जानेवारी १५९८. मी त्याला सांगितलं, "जिजाऊंचे सासरे मालोजीराजे यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या सूफींवरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं सांगतात."

त्यानं विचारलं, "मग ही नावं पण हळू घ्यायची का?"

भीतीला कारणं असतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण त्या दिवशी बसमध्ये आम्हाला कुणी काहीही बोललं नव्हतं. भीती माझी होती आणि ती मी मुलाला दिली.

परतताना मी त्याची माफी मागितली. म्हटलं, "आई आणि अम्मी, दोन्ही शब्द तुझेच. तोंडात येईल तो म्हण."

तो लगेच मोठ्यानं म्हणाला, "अम्मी, भूक लागली!"

समोरच्या सीटवरच्या आजींनी पिशवीतून दोन पेरू काढून दिले.