पोथीतली चित्रे आणि आपले कपडे
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



यंदा बोलायला मी उभी राहावे असे सगळ्यांनी ठरविले, तेव्हा मी आधी हात जोडले. सातवी शिकलेली, चुलीपासून दारापर्यंत राबणारी बाई मी, भाषण कसले करणार? पण शिवणयंत्रावर माझा हात चालतो हे तुम्हांला ठाऊक आहे. म्हणून कपड्यांवरच बोलते. मात्र ते कपडे तीनशे, चारशे, सातशे वर्षांपूर्वीचे आणि कागदावर रंगवलेले आहेत.

हा नाद मला लागला तो पावनखिंडीच्या नाटुकल्यामुळे. मुलांचे कपडे शिवण्याचे काम माझ्याकडे आले आणि मापे घ्यायच्या आधीच वाद उभा राहिला. आदिलशाही शिपायांना काळे आणि हिरवे, आपल्या मावळ्यांना पांढरे, असे बहुतेकींचे म्हणणे. प्रेक्षकांना लांबून ओळखू आले पाहिजे, हे त्यांचे म्हणणे काही चूक नाही. पण मी विचारले, त्या वेळी खरेच असे होते का? कुणालाच सांगता येईना. तेव्हा पुण्याला शिकणाऱ्या माझ्या भाच्याला पत्र टाकले. तो सुट्टीत आला तो दोन जाड पुस्तके घेऊनच. त्यांतली चित्रे मी दुपारची आवराआवर झाली की सासऱ्यांचे भिंग घेऊन पाहत बसे. पाहता पाहता जे उमगले आणि भाच्याने जे वाचून, समजावून सांगितले ते आज सांगते.

जुन्या काळी इराणात फारशी पोथ्या हाताने लिहीत आणि त्यांत चित्रे काढीत. त्यांत सर्वांत मानाची पोथी म्हणजे फिरदौसी कवीचे शाहनामा. ते 1010 साली पुरे झाले. आपल्याकडे महाभारत तसे त्यांच्याकडे हे. रुस्तुम, सोहराब, आपल्याला माहीत असलेला सिकंदर, सगळे त्यात आहेत. राजेलोक या ग्रंथाच्या चित्रमय प्रती करवून घेत. त्यांतली एक फार थोर प्रत 1330 च्या दशकात, इराणवर मोगलांच्या पूर्वजांचे म्हणजे मंगोलांचे राज्य होते तेव्हा झाली. त्या प्रतीत सिकंदर लढतो आहे, पण त्याच्या अंगावर चिलखत आहे ते मंगोलांचे! लोखंडाच्या लहान लहान पट्ट्या दोऱ्यांनी एकीला एक बांधून केलेले. सिकंदर होऊन गेला त्याला सोळाशे वर्षे झाली होती. चित्रकाराने त्याला कुठून पाहिलेला असणार? त्याने आपल्या दारावरून जाणारा शिपाई पाहिला आणि तोच कागदावर सिकंदर म्हणून बसविला.

याला हसू नका बरे. आपल्या देवघरातली लक्ष्मी, सरस्वती पाहा. राजा रविवर्म्याने त्यांना लुगडी नेसवली, त्याच्या छापखान्यातून ती चित्रे घरोघर गेली आणि आता आपल्याला लक्ष्मी म्हटले की तेच काठपदर डोळ्यांपुढे येतात. पुढे एखाद्या शहाण्याने त्या चित्रावरून लक्ष्मी कोणता कपडा वापरत होती हे सांगू नये. पण रविवर्म्याच्या काळी बायका पदर कसा घेत हे त्याने जरूर सांगावे. फारशी चित्राचेही असेच आहे. गोष्ट कितीही जुनी असो, कपडा चित्रकाराच्या काळचा. एवढी खूणगाठ बांधली की ती चित्रे पुष्कळ काही बोलू लागतात.

काही गोष्टी मात्र ओळख पटावी म्हणून काढलेल्या असतात. रुस्तुमाच्या डोक्यावर बिबळ्याच्या मुंडक्याचा टोप दिसतो. म्हणून इराणी शिपाई बिबळ्याची मुंडकी घालून हिंडत होते असे नव्हे. कृष्णाला मोरपीस तसा रुस्तुमाला तो टोप. उलट सन 1501 नंतर इराणात सफवी घराणे आले, तेव्हाच्या चित्रांत पागोट्याच्या मधून उंच दांड्यासारखी टोपी वर आलेली दिसते. ते त्या घराण्याच्या लोकांचे खरे शिरोभूषण होते. पागोट्यात तो दांडा दिसला की चित्र त्याआधीचे नाही हे जाणकार डोळे मिटून सांगतात. आपण नाही का जुन्या फोटोतल्या पोलक्याच्या बाहीवरून लग्नाचे साल ओळखत!

चिलखताचे अधिक अवघड. लोखंडी कड्यांचे चिलखत अंगरख्याच्या आत घातलेले असेल तर चित्रात दिसणारच नाही, फक्त मानेपाशी किंवा दंडापाशी करडी किनार डोकावेल. शिवाय हजार कडी कोण रंगवीत बसणार? चित्रकार बारीक नक्षी काढून मोकळा होतो. म्हणून चित्राबरोबर प्रत्यक्ष वस्तू पाहावी लागते. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात हत्यारे आहेत ती आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, पण घाईघाईने. पुढच्या सहलीत थोडे थांबून पाहू. आणि शब्दही जपून ठेवावेत. जिरेटोपातला ‘जिरे’ हा फोडणीतला नव्हे, तो फारशी ‘जिरह’, म्हणजे कड्यांचे चिलखत. बख्तर तिकडचेच. पायजमा म्हणजे पायाचा जामा. रुमाल म्हणजे तोंड पुसायचा. घोड्याची पाखर मात्र आपल्या घरची, संस्कृतातून आलेली.

आता तुम्ही म्हणाल, हे इराणचे पुराण शाहूवाडीत कशाला? तर ऐका. आपल्या तालुक्यातला विशाळगड, जुना खेळणा. 1453 च्या सुमारास बहामनी सुलतानाचा सरदार मलिक-उत्-तुजार या बाजूला फौज घेऊन आला. शिर्क्यांनी त्याला खेळण्याच्या रानात अडचणीत आणून घातले आणि ती फौज तिथेच कापली गेली. पुढे 1470 च्या सुमारास महमूद गावान हा बहामनी वजीर खेळण्यावर चालून आला आणि त्याने तो घेतला. हा गावान इराणातल्या गिलान प्रांताचा. म्हणजे ज्या लोकांचे अंगरखे आणि टोप त्या काळच्या इराणी पोथ्यांत रंगवले जात होते, तसले लोक आपल्या आंब्याच्या आणि विशाळगडाच्या रानात येऊन गेले. आपला पाऊस, आपल्या जळवा आणि अंगावर लोखंड! ते कुणी रंगवले नाही, पण मी डोळ्यांसमोर आणते.

त्याच काळात निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी चौलला उतरून जुन्नर, बेदरपर्यंत हिंडला. जुन्नरला तर त्याने अख्खा पावसाळा काढला. त्याने लिहून ठेवले आहे की, इथले पायदळातले शिपाई जवळजवळ उघडेच, एका हातात ढाल, एका हातात तलवार. आणि खुरासानी लोक घोड्यावर, आपण चिलखतात आणि घोडेही चिलखतात. पाहणाऱ्याचे लिहिणे आणि चित्रकाराचे रंगवणे जुळले म्हणजे आपली खात्री पटते.

आता नाटुकल्याच्या वादाकडे. हिंदूंचा एक वेष आणि मुसलमानांचा अगदी दुसरा, असे जे आपण धरून चालतो, तसे त्या काळच्या दक्षिणेत दिसत नाही. लेपाक्षीच्या देवळात विजयनगरच्या काळची चित्रे आहेत. त्यांत देवदर्शनाला आलेले हिंदू सरदार लांब बाह्यांचे पांढरे अंगरखे आणि उंच निमुळत्या टोप्या घालून उभे आहेत. अंगरख्याला ते ‘कबायी’ म्हणत आणि टोपीला ‘कुल्लायी’. पहिला शब्द मूळ अरबी, दुसरा फारशी. दरबारात जायचे तर हा पोशाख, घरी वेगळा. आपल्या शिवाजी महाराजांची जुनी चित्रे गोवळकोंड्याकडच्या चित्रकारांनी काढलेली आहेत आणि ती आज परदेशच्या संग्रहालयांत आहेत. त्यांतही महाराजांच्या अंगात जामा, कमरेला पटका, डोईला पगडी. मोगल दरबारच्या चित्रांत एक भेद मात्र दिसतो. मुसलमान जाम्याचे बंद उजव्या बगलेकडे बांधीत आणि हिंदू डाव्या. दोन बोटांच्या नाड्यांचा भेद! तो भिंगातून दिसतो, रंगमंचावरून दिसणार नाही.

आणि 1660 साली महाराज पन्हाळ्याहून निसटून विशाळगडाकडे आले, तेव्हा गडाला वेढा घालून कोण बसले होते? आदिलशाहीच्या बाजूने सुर्वे आणि दळवी. दोघेही मराठे. त्यांना मी काळे कपडे शिवू की पांढरे? म्हणून मी दोन्ही बाजूंना एकाच कापडाचे अंगरखे शिवले आणि ओळखण्यासाठी फक्त शेल्यांचे रंग वेगळे केले. काहींना ते आवडले नाही, अजूनही आवडलेले नाही. असो. पण मुले अंगरख्यात छान दिसली एवढे तरी कबूल करा.

आता मला ज्या पोथीविषयी सांगायचेच आहे तिच्याकडे येते. ती आपल्याच महाराष्ट्रात, पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी 1910 साली स्थापन केलेले हे मंडळ. पोथीचे नाव तारीफ-ए-हुसेनशाही. आफताबी नावाच्या कवीने अहमदनगरच्या हुसेन निजामशहाच्या स्तुतीसाठी रचलेले हे फारशी काव्य. जानेवारी 1565 मध्ये दक्षिणेतल्या सुलतानांनी मिळून विजयनगरच्या रामरायाचा तालिकोटला पराभव केला. त्याचे वर्णन यात आहे. मंडळाने 1987 साली डॉ. कुलकर्णी आणि डॉ. माटे यांच्याकडून ही पोथी छापून घेतली.

पोथीत लढायांची चित्रे आहेत. घोडे, हत्ती, हत्यारे, सारे आहे. पण जाणकारांना त्यांचे फारसे कौतुक नाही आणि खरे सांगायचे तर मलाही वाटले नाही. माझे भिंग थांबले ते बायकांच्या चित्रांवर. कारण या राजाच्या स्तुतीत कवीने राणीच्या रूपाचे आणि लग्नाचेही वर्णन केले आहे. त्या बायकांच्या अंगात तोकडी चोळी आहे, पाठीवर लांबच लांब वेणी आणि वेणीच्या टोकाला गोंडा. माझी आजी आगवळ घालून वेणी घाली, तशी. चोळी आणि ही गोंड्याची वेणी उत्तरेकडच्या तऱ्हेची, असे विद्वान म्हणतात. पण अंगाभोवती घेतलेले लांब वस्त्र दक्षिणेचे, लेपाक्षीच्या चित्रांत आहे तसे. म्हणजे काव्य फारशी, दरबार निजामशाही, चोळी उत्तरेची आणि पदर आपल्याकडचा! एका बाईच्या अंगावर सगळा मुलूख गोळा झालेला.

एका चित्रात एक बाई झाडाला पाय लावते आहे आणि ते झाड फुलून आले आहे. ही कल्पना इराणची नव्हे. सुंदर स्त्रीच्या पायाच्या स्पर्शाने अशोक फुलतो, ही आपल्या संस्कृत काव्यातली. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रातही ती आहे. झाडाच्या या इच्छेला संस्कृतात दोहद म्हणतात. आणि मैत्रिणींनो, दोहद या शब्दापासूनच आपला डोहाळे हा शब्द आला! फारशी अक्षरांच्या शेजारी आपल्या डोहाळजेवणाचे मूळ रंगवलेले पाहून मी पुस्तक तसेच मांडीवर ठेवले आणि बराच वेळ पान उलटले नाही.

राणीचे नाव खुंझा हुमायूं. नाव अनोळखी वाटेल, पण तिची लेक तुम्हांला माहीत आहे. अहमदनगरचा किल्ला लढवणारी चांदबीबी, ती हिचीच मुलगी. 1565 सालीच हुसेनशहा वारला. मुलगा मूर्तजा लहान, म्हणून खुंझा हुमायूंने काही वर्षे राज्य चालवले. दरबारात तिच्याविरुद्ध कट झाले. शेवटी मुलाच्याच नावाने तिला धरून कैदेत टाकले.

आणि पोथीत काय दिसते? राजा आहे, सिंहासन आहे, दासी आहेत, पण राजाशेजारची राणी बहुतेक चित्रांतून पुसून टाकलेली आहे. रंग ओढून, खरवडून. तिचे राज्य गेल्यावर हे झाले असावे असे जाणकार मानतात. शत्रूंचे चेहरे कुणी पुसले नाहीत. रामरायाला मारतानाचे चित्र जसेच्या तसे आहे. पुसली ती घरची बाई.

पुसणाऱ्याने राणी काढली, पण सगळे थोडेच निघते? तिच्याभोवतीच्या दासींच्या चोळ्या, त्यांचे पदर, गोंडे तसेच राहिले. मला तर वाटले, यांच्यावरून राणीलाही पुन्हा कपडे शिवता येतील. कापड किती लागेल, बाही कुठे येईल, पदर कोणत्या खांद्यावरून घ्यायचा, सगळा अदमास येतो. झाडाखालची ती बाई मात्र शाबूत आहे. ती राणीच, असेही काही जण म्हणतात. तिच्या पायाशी झाड फुललेले आहे.

पुस्तके भाच्याला परत द्यायची आहेत. ज्यांना चित्रे पाहायची असतील त्यांनी येत्या चार दिवसांत दुपारी दोननंतर माझ्याकडे यावे. भिंग एकच आहे, आपापला चष्मा आणावा.