वगांतून पडद्यावर : दादा कोंडके

तमाशाचा फड गिरणाकाठीं भडगांवास लागो कीं मुंबईस लालबागेंत लागो, सोंगाड्या पुढें आला कीं प्रेक्षक सावरून बसतात. लावणी ऐकावयाची असते. सोंगाड्याशीं मात्र बोलावयाचें असतें. गर्दींतून आलेल्या एका आरोळीवर त्याचा पुढचा विनोद उभा राहतो. असा हजरजबाबी नट कॅमेऱ्यासमोर नेला, तर त्याला उत्तर कोण देणार? दादा कोंडके यांच्या कारकीर्दीचें मर्म या प्रश्नांत आहे.

८ ऑगस्ट १९३२ रोजीं मुंबईंतील एका गिरणीकामगाराच्या घरीं दादांचा जन्म झाला. बँडपथकांत वाद्यें वाजवीत ते सेवादलाच्या कलापथकांत आले. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यानें १९६५ पासून त्यांचें नांव महाराष्ट्रभर झालें. त्यांतला त्यांचा हवालदार लिहिलेल्या संवादांवर थांबत नसे. ताज्या राजकारणाचा समाचार तो आयत्या वेळीं घेई. सिंहासनावरील राजाला सामान्य मनुष्य चारचौघांत हसूं शके, हें त्या वगाचें खरें बळ होतें.

१९६९ सालीं भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’मधून दादा पडद्यावर आले आणि १९७१ सालीं त्यांनीं स्वतः ‘सोंगाड्या’ काढला. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहांत तो लागेना, तेव्हां बाळासाहेब ठाकरे यांनीं त्यांची बाजू घेतली. पुढें तो तुफान चालला.

समोर प्रेक्षक नसतांना दादांनीं तो साधला कसा? चेहरा भोळा ठेवावयाचा, वाक्य दुहेरी बोलावयाचें आणि दुसरा अर्थ लावण्याचें काम प्रेक्षकावर सोंपवावयाचें! अंधारांत बसलेला प्रेक्षक अशा रीतीनें पुनः विनोदाचा भागीदार झाला. ‘एकटा जीव सदाशिव’, ‘पांडू हवालदार’ अशा त्यांच्या नऊ चित्रपटांनीं रौप्यमहोत्सव केले व गिनीज बुकांत त्याची नोंद झाली.

पण या युक्तीची किंमतहि द्यावी लागली. वगांतल्या विनोदाचा रोख सत्तेवर असे. उत्तरकाळांतल्या चित्रपटांत तो पुष्कळदां स्त्रीदेहाकडे वळला. पाहुणा म्हणून आलेला द्व्यर्थ घरधनी होऊन बसला. सेन्सॉरशीं खटके उडाले, सुशिक्षितांनीं नाकें मुरडलीं. तिकिटाची रांग मात्र हटली नाहीं.

१४ मार्च १९९८ रोजीं दादा निवर्तले. त्यांना अश्लील म्हणून मोडींत काढणें जितकें सोपें, तितकेंच रौप्यमहोत्सव मोजून थांबणेंहि सोपें आहे. त्यांचें योग्य मोल करावयाचें, तर राजाला हसणारा तो हवालदार प्रथम आठवावा.