आधी उचलून बघा

(रेडिओवरील भाषण)



दिवाळीत माझा भाचा संगमनेरहून आला तो हिशेबाची वही घेऊनच. बँकेने त्याचं कर्ज मंजूर केलं होतं. फराळाची ताटली बाजूला सारून म्हणाला, "मामा, ताणून बसवलं तर पावणेचार लाखांपर्यंत जमतंय. आता तुम्ही सांगा, दोनच्या आतली घेऊ, की एकदाच काय ते पैसे घालून मोठी घेऊ?"

त्याला हवी होती अ‍ॅडव्हेंचर बाइक. म्हणजे अशी मोटारसायकल, की जी सोमवार ते शनिवार कामावर नेईल आणि रविवारी डांबर संपलं तरी अडणार नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वी आपल्याकडे हा प्रश्नच नव्हता, कारण निवडायला फारसं काही नव्हतं. २०११ साली हिरोची इम्पल्स आली, दीडशे सीसीची. ती लोकांना पटली नाही आणि गेली. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आली आणि चित्र पालटलं. २०१९ मध्ये हिरोचीच एक्सपल्स २०० आली, पुढच्या वर्षी केटीएमची ३९० अ‍ॅडव्हेंचर आली, आणि ती तर आपल्या चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडली. आज खालच्या टोकाला पावणेदोन लाखांच्या आसपासची गाडी आहे आणि वरच्या टोकाला बीएमडब्ल्यूची आर १३०० जीएस, जी २०२४ मध्ये इथे आली तेव्हा शोरूमची किंमतच वीस लाख पंचाण्णव हजार होती. एकाच जातीच्या म्हणवणाऱ्या दोन गाड्यांत दहापटीहून जास्त फरक.

मी भाच्याला विचारलं, "वजन किती आहे रे त्यांचं?" तो गोंधळला. अश्वशक्ती त्याला तोंडपाठ होती, टाकीत पेट्रोल किती मावतं ते पाठ होतं. वजन त्याने पाहिलंच नव्हतं.

सिमेंटचं पोतं पन्नास किलोचं असतं. एक्सपल्स २०० म्हणजे साधारण तीन पोती आणि वर दहा किलो. ४५० सीसीची नवी हिमालयन १९६ किलोची, म्हणजे जवळपास चार पोती. आर १३०० जीएस २३७ किलोची, पाच पोत्यांना थोडी कमी. त्यावर सामानाच्या पेट्या चढल्या की पाच पोती पुरी झाली. रस्त्यावर गाडी पळत असताना हे वजन कळत नाही. इंजिन ते ओढत असतं. ते कळतं गाडी आडवी झाल्यावर. आणि कच्च्या रस्त्यावर गाडी आडवी होतेच. उत्तम चालवणाऱ्याचीही होते. ओढ्यातल्या शेवाळी गोट्यावरून पुढचं चाक सरकतं, पाय टेकायला जावं तर खाली खड्डा निघतो, आणि क्षणात सगळं लवंडतं.

लोणावळ्याहून राजमाचीला जाणारा कच्चा रस्ता तुमच्यापैकी अनेकांनी पायी तुडवला असेल. पावसाळ्यानंतर तिथे दगड उघडे पडतात आणि ओढे वाहते असतात. काही वर्षांपूर्वी माझा एक मित्र त्याची नवी, महागडी, पाच पोती वजनाची गाडी घेऊन आमच्यासोबत आला. गाडीला नावं ठेवायला जागा नव्हती. डांबरावर तिने आम्हा सगळ्यांना मागे टाकलं होतं. दुसऱ्याच ओढ्यात ती उजव्या अंगावर पडली. आम्ही दोघं धावलो, तरी ती हलेना. शेवटी उधेवाडी गावाकडे निघालेली दोन मुलं थांबली आणि पाच जणांनी मिळून ती उभी केली. ब्रेकचा लिव्हर मोडला होता. तो सुटा भाग यायला जवळजवळ दोन महिने लागले. पण खरं नुकसान वेगळंच झालं. त्यानंतर तो मित्र त्या गाडीवर कच्च्या रस्त्याला कधी आलाच नाही. "पडली तर?" हा प्रश्न त्याच्या मनात बसला. डांबर सोडून जाण्यासाठी एवढी किंमत मोजलेली ती गाडी आता डांबर सोडत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता, पडलेली गाडी एकट्याने कशी उचलायची ते सांगतो, कारण हे शोरूममध्ये कोणी शिकवत नाही. आधी इंजिन बंद करा. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा, नाहीतर उचलल्यावर ती पलीकडच्या अंगाला जाईल. गिअरमध्ये टाकता आली तर टाका, म्हणजे चाक घसरणार नाही. मग गाडीकडे पाठ करून सीटला टेकून बसा. एका हाताने हँडलचं खालचं टोक धरा, दुसऱ्या हाताने मागची दांडी किंवा चेसीचा पक्का भाग धरा. पाठ ताठ ठेवा आणि पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाकत उठा. कंबरेत वाकून उचलायला गेलात तर आठवडाभर अंथरुणात पडाल. या पद्धतीने तीन-चार पोत्यांची गाडी बहुतेक धडधाकट माणसं उभी करतात. पाच पोत्यांचीही उचलणारे आहेत, पण निसरड्या उतारावर, दमल्यावर, तिसऱ्यांदा? तेव्हा ती जड जाते.

मोठ्या गाड्यांची ही सगळी परंपरा सुरू झाली १९८० मध्ये, बीएमडब्ल्यूच्या आर ८० जी/एस या गाडीपासून. नावातली दोन अक्षरं जर्मन भाषेतली, एक रानवाटेचं आणि दुसरं रस्त्याचं. इंजिन आठशे सीसीचं, ताकद पन्नास अश्वशक्ती. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, युबेर ओरिओल या फ्रेंच स्वाराने बीएमडब्ल्यूवरच पॅरिस-डाकार शर्यत जिंकली. त्या मूळ गाडीचं वजन होतं सुमारे १८६ किलो. म्हणजे सगळ्या महागड्या अ‍ॅडव्हेंचर गाड्यांची आजी आजच्या हिमालयनपेक्षा हलकी होती! पुढे इंजिनं वाढत गेली, ताकद तिपटीजवळ गेली, आणि सोबत वजनही वाढलं. डाकार शर्यतीत तर २०११ पासून ४५० सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाची मोटारसायकल चालतच नाही. शर्यतीच्या त्या गाड्या स्वस्त नसतात, हे खरं. पण जगातल्या सर्वांत खडतर वाळवंटी शर्यतीला ४५० सीसी पुरतं, ही गोष्ट मी भाच्याला दोनदा ऐकवली.

मग मोठ्या इंजिनाची ताकद वापरायची कुठे? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. समृद्धी महामार्गावरही दुचाकी चालत नाही. चौपदरी महामार्गावर मोटारसायकलला वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर. वरंध घाटात, ताम्हिणीत, आंबोलीत वळणांमुळे आणि धुक्यामुळे पन्नाससुद्धा जास्त होतात. दीडशे अश्वशक्तीच्या गाडीला महाराष्ट्रात मोकळं सुटायला जागाच उरत नाही.

आपल्या रस्त्यांना हवं असतं ते चाक. एक्सपल्सला आणि हिमालयनला पुढचं चाक २१ इंची असतं, ते उगीच नाही. आपल्या आजोबांच्या बैलगाडीचं चाक एवढं मोठं का होतं, याचं उत्तर तेच आहे. मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं आणि दगडावर सहज चढतं. तारांचं चाक आपटलं तर वाकतं आणि गावातल्या कारागिराकडून सरळ होतं. अलॉयचं चाक तडकलं की बदलावंच लागतं. मात्र तारांच्या चाकात बहुधा ट्यूब असते, त्यामुळे पंक्चर झालं की चाक उतरवणं आलं. ते काम यायला हवं, किंवा पंक्चरवाल्यापर्यंत गाडी ढकलत न्यायची तयारी हवी. इथेही तीन पोती आणि पाच पोती यांतला फरक चढावर समजतो.

मराठवाड्यात किंवा विदर्भात पावसाळी शेतरस्त्याने गेला असाल, तर काळ्या मातीचा इंगा माहीत असेल. ती टायरला लगद्यासारखी चिकटते आणि मडगार्डच्या आत भरते. चाकालगत बसवलेलं मडगार्ड असेल तर शंभर पावलांत चाक जाम होतं, आणि मग काटकीने माती उकरत बसावं लागतं. मडगार्ड उंच असेल तर माती पडून जायला वाट मिळते. कोकणातल्या जांभ्यावर हा त्रास नाही, तिथे बारीक लाल खडीवर पुढचा ब्रेक जपून दाबावा लागतो. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, गाडीची माहितीपत्रकं वाचण्याआधी आपण कुठल्या मातीवर चालवणार ते आठवा.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. महाग गाडीत पैसे वाया जातात असं मी मुळीच म्हणणार नाही. पैसा सर्वांत खरा बोलतो तो शॉकअपमध्ये. स्वस्त गाडीचे शॉकअप पहिल्या तासात छान वाटतात. सहाव्या तासाला, सामानासह, ते दमतात आणि तुमची पाठ बोलू लागते. महाग गाडीत ते आपल्या वजनाप्रमाणे कमी-जास्त कडक करता येतात, आणि हा फरक दिवसाच्या शेवटी अंगाला जाणवतो. महाग गाडीचं एबीएस वळणातही चाक सांभाळून घेतं. आणि लडाख. तिथली तांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरच्या वर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा उरतो, आणि इंजिनाची ताकदही त्या मानाने घटते. एकोणीस अश्वशक्तीची गाडी तिथे दहा-बाराची होऊन जाते. एकटा माणूस असेल तर ती पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुरत चढेल. मागे जोडीदार आणि दोन पेट्या असतील तर तिच्यावर तो अन्याय होतो. दोघांनी मिळून लांबचा प्रवास नेहमीच करायचा असेल, तर चारशे-साडेचारशे सीसीची गाडी घ्या. तिथे मी काटकसर सांगणार नाही.

पण खर्चाचा काटा ३५० सीसीवर उलटतो, हे ध्यानात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलवर जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, आणि त्यापुढच्या गाड्यांवर तो ४० टक्के झाला. विम्याचंही तेच. २०२२ च्या दरांनुसार थर्ड पार्टी विमा १५० ते ३५० सीसीला वर्षाला १,३६६ रुपये आणि ३५० च्या वर २,८०४ रुपये होता. गाडी दरवर्षी तुमच्याकडे पैसे मागत राहते, हे कर्जाचा हप्ता बसवताना आठवत नाही.

महाग गाडी असली की लांब जाता येतं, हा समजही तपासून बघा. नोराली स्खूनमाकर ही डच तरुणी, भूगर्भशास्त्रज्ञ. तिने २०१८ मध्ये भारतात येऊन तेव्हाची ४११ सीसीची हिमालयन घेतली. चोवीस अश्वशक्तीच्या त्या गाडीचं नाव तिने 'बसंती' ठेवलं, आणि २०१९ मध्ये ती गाडी चालवत नेदरलँड्सला घरी पोहोचली. नंतर दक्षिण अमेरिकेसाठीही तिने हिमालयनच घेतली, तिचं नाव 'धन्नो'. उलट २००४ मध्ये युअन मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन अभिनेते मोठ्या बीएमडब्ल्यू घेऊन जगप्रवासाला निघाले. मंगोलियात त्यांच्या कॅमेरामनच्या गाडीची चौकट तुटली, आणि पुढचे काही दिवस त्याने एका साध्या रशियन इझ मोटारसायकलवर काढले. तिथल्या माळरानावर त्या गाडीने त्याला नेलं.

भाच्याला मी एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली. वाचलेले पैसे दुसऱ्या कशात घालू नकोस. आधी चांगलं आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट, मग घोटे झाकणारे बूट, गुडघ्याचे आणि कोपराचे गार्ड. मग मातीसाठी खाचांचे टायर, आणि एक-दोन दिवसांचं ऑफ-रोडिंगचं रीतसर शिक्षण. उभं राहून चालवणं, पाय फूटरेस्टवर रोवून अंगाचं वजन खाली आणणं, मागचा ब्रेक दाबून नीट घसरणं, हे पुस्तकातून येत नाही. हे शिकलेला माणूस पावणेदोन लाखांच्या गाडीवर जिथे जातो, तिथे न शिकलेला वीस लाखांच्या गाडीवर जाऊ शकत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि एक मागणं, जे गाडीच्या किमतीशी जोडलेलं नाही. डांबर सोडून जाता येतं म्हणून कुठेही जाऊ नका. आपल्या सड्यांवर, कासच्या पठारासारख्या जागी, दगडावरच्या बोटभर मातीत वर्षाकाठी काही आठवडेच फुलं उमलतात. एका टायरची एक चाकोरी तिथे कित्येक पावसाळे भरून येत नाही. बैलगाडीची वाट जिथे संपते, तिथे गाडी उभी करा आणि चालत पुढे जा.

भाच्याने शेवटी लहान गाडी घेतली. गेल्या महिन्यात मढे घाटाकडे गेला होता, वाटेत दोनदा पडला आणि दोन्ही वेळा एकट्याने गाडी उभी करून पुढे गेला. घरी आल्यावर त्याने मला प्रथम तेच सांगितलं.

तुमच्यापैकी कोणी येत्या पाडव्याला गाडी घेणार असाल, तर मोठी घ्या की लहान, तो निर्णय तुमचा. पण पैसे भरण्याआधी ओळखीच्या कुणाची तीच गाडी एखाद्या मोकळ्या रानात न्या, जुन्या गादीवर हळूच आडवी करा, आणि जवळ कोणाला न बोलावता एकदा उचलून बघा.