शपथ एकदा, बैठक दर आठवड्याला
(नातेपुते येथील बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



भावाबद्दल, कर्जाबद्दल आपण नेहमी बोलतो. आज दारूबद्दल बोलायचं आहे. दारूबंदीबद्दल नाही. गावात बाटली आडवी करायची की नाही हा मतदानाचा विषय आहे आणि त्याला आपल्या मायबहिणी समर्थ आहेत. मला बोलायचं आहे ते ज्याला दारू सोडायची आहे आणि सुटत नाही, त्याच्याशी. असा माणूस आपल्या प्रत्येक गावात आहे. या मांडवातही असेल.

शेतकरी पितो म्हणून बुडतो, असं शहरातली शहाणी माणसं म्हणतात. ते खोटं आहे. सुपारीचं खांड न खाणाराही कर्जात आहेच. पण म्हणून दारूनं काही बिघडत नाही असा अर्थ कोणी काढू नये. कापसाची पट्टी हातात पडली आणि घरी पोचेपर्यंत निम्म्या नोटा गुत्त्यावर राहिल्या, तर तो दोष सरकारच्या धोरणावर टाकता येत नाही.

आपल्याकडं दारू सोडायची रीत आहे. माउलींची पालखी नातेपुत्याला मुक्कामाला येते, त्या सुमारास माणूस गळ्यात माळ घालतो. कोणी शिंगणापूरच्या महादेवापुढं शपथ घेतो. माळेनं सुटलेली माणसं मी पाहिली आहेत. पण त्यांच्याकडं नुसती माळ नव्हती. एकादशीचं भजन होतं, दिंडी होती, संध्याकाळी बसायला न पिणारी माणसं होती. ज्याला ही सोबत मिळाली नाही, त्याची शपथ दसऱ्यापर्यंतही टिकत नाही. मग घरचे म्हणतात, याला लाजच नाही. लाज असते हो. लाजेपायीच तो पुन्हा पितो.

ही सोबत मुद्दाम उभी करता येते. १९३५ साली अमेरिकेत बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला माणूस धंद्याच्या कामाला ॲक्रन गावी गेला. काम फसलं. हॉटेलात एकटा, समोर हॉटेलचाच बार. दारू सोडून काही महिनेच झाले होते. त्यानं फोनाफोनी केली ती डॉक्टरसाठी नव्हे, आपल्यासारखाच दुसरा दारुडा शोधण्यासाठी. भेटला तो निघाला डॉक्टरच, बॉब स्मिथ, आणि तोही पिणारा. दोघे बोलत बसले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ म्हणजे ए.ए. सुरू झालं. मुंबईत १९५७ पासून या बैठका आहेत.

बैठकीत काय होतं? खोलीत माणसं बसतात. एक जण आपलं सांगतो, बाकीचे ऐकतात. मध्ये कोणी उपदेश करत नाही. फी नाही, शेवटी डबा फिरतो, जमेल ते टाका. तुमचं आडनाव, गाव, जात कोणी विचारत नाही. तिथलं ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. अट एकच, दारू सोडायची इच्छा पाहिजे. जन्मभराची शपथ मागत नाहीत. आजचा दिवस प्यायची नाही, एवढंच. पहिल्यांदा गेलात तर नुसतं बसून राहिलात तरी चालतं.

एक धोका मात्र ध्यानात ठेवा. जो सकाळपासून रोज पितो, त्यानं घरीच एकदम बंद करू नये. दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भास होतात, फिट येते. जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला आधी डॉक्टरकडं न्या. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलात मनोविकार विभाग आहे. पुण्याला येरवड्यात ‘मुक्तांगण’ आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला पैशाची मदत केली. तिथून बाहेर पडल्यावरही बैठकांना जावंच लागतं. औषधानं शरीर सावरतं. रोजची संध्याकाळ त्यानं भरून निघत नाही.

बैठक शोधायची कशी? १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत. मनाच्या आजारासाठी १४४१६ आहे. मुंबईतलं ए.ए.चं कार्यालय आणि मुक्तांगणवालेही जवळच्या बैठकीची माहिती देतात. फोनवर चार गोष्टी विचारा: वार कोणता, वेळ काय, मराठीत बोलतात का, आणि घरच्याला सोबत आणता येतं का. काही बैठका सर्वांना खुल्या असतात, काही फक्त पिणाऱ्यांसाठी. मग परतीची एसटी बघा. शेवटची गाडी चुकली म्हणून स्टँडवर बसलेला माणूस कुठं जातो ते मी सांगायला नको. बैठक दुसऱ्या गावाला असली तर बरंच आहे, तिथं तुम्हाला ओळखणारं कोणी नसतं. आणि एका बैठकीत मन रमलं नाही तर दुसरी बघा. एका बाजारात भाव पडला म्हणून आपण ज्वारी विकायची सोडतो का?

मायबहिणींनो, तुमच्यासाठीही बैठका आहेत. ए.ए.च्या घरच्यांसाठी ‘अल-ॲनॉन’ आहे, मुक्तांगणात ‘सहचरी’ आहे. नवरा जात नसला तरी तुम्ही जा. त्याची परवानगी लागत नाही.

आणि जवळपास बैठक नसेलच, तर दोन माणसं पुरतात. ॲक्रनलाही दोघंच होते. शाळेची एक खोली, आठवड्यातला एक ठरलेला वार. आधी चार-सहा वेळा चालू बैठकीत जाऊन बसा, तिथली रीत बघा, त्यांच्याकडून पुस्तिका आणा. खोली पारासमोरची घेऊ नका. आणि पुढाऱ्याला उद्घाटनाला बोलावू नका. फोटो छापून आला की दुसऱ्या आठवड्याला कोणी फिरकत नाही.