कर्करोगाचे उपचार आणि घरची दक्षता
(जोयडा तालुक्यातील ग्रामस्थ, अधिकारी व शिक्षक यांच्यासाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



जोयडा हा उत्तर कन्नड जिल्ह्यातील अरण्यमय तालुका. पूर्वी त्याला सुपा तालुका म्हणत. काळी नदीवरील धरणाच्या जलाशयात सुपा गाव बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. येथील वाड्या एकमेकींपासून दूर आहेत आणि पावसाळ्यात ओढे भरले की अंतर आणखी वाढते. कर्करोगाच्या रुग्णाला येथून हुबळी, बेळगाव, गोव्यातील बांबोळी, प्रसंगी मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय गाठावे लागते. शिरेतून औषध देण्याचे काम बहुधा काही तासांचे किंवा एकदोन दिवसांचे असते. त्यानंतर रुग्ण घरी परततो आणि औषधाचे परिणाम आपल्या ओटीवर, आपल्या माणसांत सोसतो. म्हणून या उपचारांचा मोठा भाग घरीच पार पडतो, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

त्रास का होतो?

कर्करोगावरील बहुतेक औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर आघात करतात. शेत भांगलताना तणाबरोबर काही रोपेही उपटली जातात, तसेच येथे घडते. केसांची मुळे, तोंडातील अस्तर, आतडी आणि हाडांतील रक्त निर्माण करणारा मगज यांतील निरोगी पेशीही दुखावतात. त्यामुळे केस गळतात, तोंड येते, जुलाब होतात, थकवा येतो आणि रोगजंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात. यांपैकी बरेच त्रास तात्पुरते असतात; उपचार संपल्यावर केसही बहुधा पुन्हा येतात. तथापि हे त्रास मुकाट्याने सोसणे हे धैर्याचे लक्षण नव्हे.

ताप: एकच न विसरण्याची गोष्ट

औषध दिल्यानंतर साधारणतः सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. नेमक्या याच सुमारास रुग्ण घरी असतो. श्रावणात अंग तापणे ही रानमुलखात नित्याची गोष्ट. कोणी काढा देते, कोणी तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहते. इतरांच्या बाबतीत हे कदाचित निभावेल, पण या रुग्णाच्या बाबतीत एका रात्रीचा विलंब प्राणघातक ठरू शकतो. अंगात प्रतिकार करणाऱ्या पेशीच थोड्या असल्याने जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरतो. म्हणून थर्मामीटरवर 100.4 अंश फॅरनहाइट, म्हणजे 38 अंश सेल्सिअस, किंवा अधिक ताप दिसताच, अथवा हुडहुडी भरताच, रात्र असो वा पाऊस, रुग्णालयास कळवून त्वरित निघावे. डॉक्टरांना विचारण्यापूर्वी तापाची गोळी देऊ नये. तिने ताप झाकला जातो, संसर्ग मात्र तसाच राहतो.

रक्तस्राव, श्वास लागणे, पाणीही पोटात न ठरणे, गुंगी किंवा बडबड आणि नेहमीपेक्षा चार वा अधिक वेळा जास्त जुलाब होणे, हीही ताबडतोब कळविण्याची लक्षणे होत.

घरी काय करता येईल?

मळमळीची गोळी उलटी सुरू झाल्यावर घेण्याऐवजी सांगितलेल्या वेळी आधीच घ्यावी. 1990 नंतर या कामी प्रभावी औषधे उपलब्ध झाली असल्याने पूर्वीसारखी अखंड ओकारी आता अटळ राहिलेली नाही. पोटभर दोन जेवणांऐवजी थोडे थोडे पाच-सहा वेळा खावे. तोंड आले असल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेक वेळा गुळण्या कराव्यात. तंबाखू, सुपारी, मिरची आणि आमसुलाचे सार वर्ज्य करावे. तांदळाची पेज, नाचणीचे सत्त्व, मऊ शिजवलेली डाळ व अंडे चालते. कुणबी घरांतील कंद हे उत्तम अन्न आहे. मात्र ते स्वच्छ धुऊन, सोलून, मऊ उकडावेत आणि घशाला खाजणारे सुरण तूर्त बाजूस ठेवावे.

जुलाबात एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते घोट घोट पाजावे. किरणोपचार घेतलेल्या त्वचेवर मलम, हळद वा लेप स्वतःच्या मनाने लावू नये आणि तेथील खुणा पुसू नयेत. औषध दिल्यानंतरचे दोन दिवस रुग्णाची उलटी वा मलमूत्र साफ करताना हातमोजे घालावेत व त्याचे कपडे वेगळे धुवावेत. अनवाणी चिखलात उतरणे टाळावे, कारण जळवेचा लहानसा डंखही या काळात संसर्गाचे दार ठरू शकतो. रानौषधांचे ज्ञान या भागात मोठे आहे. परंतु काही वनस्पती कर्करोगाच्या औषधांचा परिणाम वाढवितात किंवा घटवितात. म्हणून कोणताही काढा घेण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे, लपवू नये.

वहीचे महत्त्व

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात 766 रुग्णांवर एक अभ्यास झाला. काही रुग्णांनी आपले त्रास संगणकावर नियमित नोंदविले आणि त्रास वाढताच परिचारिकेस सूचना गेली. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशा रुग्णांचे मध्यम आयुर्मान 31.2 महिने, तर नेहमीच्या पद्धतीने देखरेख झालेल्यांचे 26 महिने होते. या अभ्यासाचा अर्थ सरळ आहे: त्रास वेळीच सांगितला व ऐकला गेला तर आयुष्यच वाढू शकते. जोयड्यात संगणकाची आवश्यकता नाही. शाळेची एक वही पुरे. तीत रोज सकाळ-संध्याकाळचा ताप, उलट्या, शौच, खाणे आणि दुखणे लिहावे. मात्र ती वाचणारे कोणी तरी हवे.

येथेच शिक्षक व अधिकाऱ्यांचे साहाय्य मोलाचे ठरते. रुग्णालयाचा कागद इंग्रजीत वा कन्नडमध्ये असतो. शिक्षकाने तो घरच्यांना त्यांच्या भाषेत समजावून द्यावा आणि पुढच्या औषधाची तारीख व रुग्णालयाचा दूरध्वनी ठळक अक्षरांत भिंतीवर लावून द्यावा. आशा कार्यकर्तीने सातव्या ते चौदाव्या दिवसांत घरी एक फेरी अवश्य मारावी आणि वही पाहावी. पंचायतीने पावसाळ्यापूर्वीच ठरवून ठेवावे की, कोणाची जीप रात्री निघेल, ओढा भरल्यास रुग्णास कोठून उतरवायचे आणि मोबाइलचा संपर्क नसलेल्या वाडीतून 108 क्रमांकास निरोप कोण पोचवील.

थर्मामीटर थोड्या पैशांत मिळतो, वही त्याहून स्वस्त. रुग्ण रुग्णालयातून परतेल त्याच दिवशी या दोन वस्तू त्याच्या उशाशी असाव्यात आणि ताप आल्यास कोणाच्या दारावर थाप मारायची हे घरातील लहान मुलालाही ठाऊक असावे.