युगांडातील सफारी : वाटाड्याच्या मागोमाग
(वन्यजीव सप्ताहानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पूर्व आफ्रिकेचे नाव गोमंतकीयांना परके नाही. ब्रिटिश अमदानीत बार्देश आणि साष्टी तालुक्यांतील कित्येक कुटुंबांतील कर्ते पुरुष केनिया, युगांडा व टांगानिका येथील सरकारी कचेऱ्यांत नोकरीस होते. कंपाला आणि एंटेबे येथे त्यांच्या संस्था व क्लब नांदत होते. १९७२ साली इदी अमीन याने आशियाई वंशाच्या रहिवाशांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम फर्मावला आणि तो अध्याय संपला. त्या राजवटीत व तिच्यामागून आलेल्या यादवीत युगांडातील वन्यप्राण्यांचीही वाताहत झाली, ही हकिगत मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. सैनिकांच्या हाती बंदुका होत्या आणि हस्तिदंताला भाव होता. क्वीन एलिझाबेथ राष्ट्रीय उद्यानात पूर्वी हजारोंनी मोजले जाणारे हत्ती १९८० पर्यंत दीडशेच्या आसपास उरले. गेंडा तर १९८३ च्या सुमारास त्या देशातून समूळ नाहीसा झाला.

त्याच युगांडात आज जगभरातून लोक माकडे, वानर, श्वापदे आणि पक्षी पाहण्यासाठी जातात. सव्वादोन लक्ष चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक, म्हणजे महाराष्ट्रापेक्षाही लहान असे या देशाचे क्षेत्रफळ. परंतु तेथे नोंदलेल्या पक्ष्यांच्या जाती एक हजाराहून अधिक आहेत. हा पालट कसा घडून आला, हे जाणून घेण्याजोगे आहे.

‘सफारी’ हा शब्द स्वाहिली भाषेतील. त्याचा अर्थ केवळ प्रवास. मूळ अरबी ‘सफर’ याच शब्दापासून तो आला असून मराठीतील ‘सफर’ त्याची सख्खी बहीण होय. पाश्चात्त्यांनी मात्र त्याला शिकारीचा अर्थ चिकटविला. अमेरिकेतील कार्ल एकली यांनी १९२१ साली संग्रहालयासाठी डोंगरी गोरिलांची शिकार केली. तथापि त्या प्राण्याला जवळून पाहिल्यावर त्यांचे मन पालटले. त्यांच्या आग्रहाचा मोठा वाटा असलेले आल्बर्ट राष्ट्रीय उद्यान तत्कालीन बेल्जियन काँगोत १९२५ साली स्थापन झाले, आणि पुढल्याच वर्षी तेथील मिकेनो पर्वताच्या उतारावर एकली यांचा देह पडला. बंदूक घेऊन आलेला मनुष्य राखणदार होऊन गेला, असे उदाहरण विरळाच.

युगांडाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात ब्विंडीचे अरण्य आहे. सुमारे ३२१ चौरस किलोमीटरांचा हा प्रदेश १९९१ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला आणि १९९४ साली जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाला. त्याच्या नावालाच ‘अभेद्य’ हे विशेषण जोडलेले आहे आणि ते अतिशयोक्तीचे नव्हे. उभे चढ, निसरडी माती, खाजकुयलीसारख्या अंगाची आग करणाऱ्या वनस्पती आणि वेलींचे जाळे यांतून वाट अशी नसतेच; पुढचा माणूस कोयत्याने ती पाडीत जातो. पहाटेच मागकाढे निघालेले असतात. आदल्या दिवशी गोरिलांचे कुटुंब जेथे शेवटचे दिसले तेथून ते ताजी विष्ठा, मोडलेल्या फांद्या आणि रात्रीच्या पाल्याच्या शेजा यांवरून माग काढतात व मागाहून येणाऱ्या वाटाड्याला बिनतारी यंत्रावरून कळवितात. कधी अर्ध्या तासात गाठ पडते, कधी सारा दिवस चालावे लागते.

मग वाटाड्या थांबतो. काठ्या आणि पिशव्या खाली ठेवावयास सांगतो. एका कुटुंबाला दिवसाकाठी आठच पाहुणे, तेही एकच तास, हा येथील दंडक. पंधरा वर्षांखालील मुलास प्रवेश नाही. तोंडावर मुखपट्टी हवी. अंतर पूर्वी सात मीटरांचे होते. कोविडच्या साथीनंतर ते दहा मीटरांवर नेले. नियमांतील हे अंतर गोरिलांची पिल्ले पाळीत नाहीत, ती थेट पाहुण्यांच्या पायाशी येऊ पाहतात. तेव्हा मागे सरावयाचे असते ते पाहुण्यानेच. पाठीवर रुपेरी पट्टा असलेला कुटुंबप्रमुख नर वाटाड्याच्या ओळखीचा असतो. वाटाड्या घशातून ढेकर दिल्यासारखा एक खोल आवाज काढतो. आम्ही शांत आहोत, असा त्याचा अर्थ. ही ओळख एका दिवसाची नव्हे. जंगली कुटुंबाला माणसाची सवय व्हावी म्हणून मागकाढ्यांना सुमारे दोन वर्षे दररोज त्यांच्याकडे जाऊन बसावे लागते आणि प्रारंभीच्या दिवसांत नराच्या अंगावर धावून येण्यास न डगमगता सामोरे जावे लागते.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, असा प्रश्न काही प्रवाशांना पडतो. त्याचे उत्तर १९९६ साली मिळाले. ब्विंडीतील एका कुटुंबात गोरिलांचे केस झडू लागले, कातडीवर खपल्या धरू लागल्या. त्यावेळी ग्लॅडिस कालेमा या तरुण पशुवैद्य युगांडाच्या वन्यजीव खात्यात नुकत्याच रुजू झाल्या होत्या. त्यांनी निदान केले की ही खरूज आहे. एक पिल्लू दगावले. बाकीचे औषधाने वाचले. ही खरूज शेजारच्या वस्तीतून, बहुधा शेतातील बुजगावण्यांवर घातलेल्या जुन्या कपड्यांतून आली असावी, असा तर्क निघाला. माणसाला साधे पडसे झाले तर तो दोन दिवस शिंकतो. गोरिलाला तेच पडसे प्राणघातक ठरू शकते. कालेमा-झिकुसोका यांनी २००३ साली एक संस्था स्थापन केली आणि गोरिलांचे आरोग्य राखावयाचे तर शेजारच्या खेडुतांचे आरोग्य आधी राखले पाहिजे, हा विचार प्रत्यक्षात आणला. पशुवैद्याने माणसांच्या क्षयरोगाकडे आणि कुटुंबनियोजनाकडे लक्ष पुरवावे, हे वरकरणी चमत्कारिक वाटेल; ब्विंडीच्या परिसरात त्याहून सरळ दुसरी गोष्ट नाही.

ब्विंडीत प्रवाशांसाठी हा कार्यक्रम १९९३ साली सुरू झाला. आज परदेशी प्रवाशास एका तासाच्या परवान्यासाठी ८०० डॉलर मोजावे लागतात. प्रत्येक परवान्यामागे १० डॉलर शेजारच्या गावांना देण्याची आणि उद्यानाच्या प्रवेशशुल्काचा पाचवा हिस्सा त्याच गावांच्या कामी लावण्याची पद्धत आहे. त्यातून शाळाखोल्या, रस्ते, दवाखाने उभे राहिले. सामान वाहणारे हमाल आसपासच्याच खेड्यांतील. विरुंगा पर्वतराजीतील गोरिलांची संख्या १९८१ च्या सुमारास अडीचशेपर्यंत घसरली होती. २०१५-१६ च्या गणनेत तेथे ६०४, तर २०१८ च्या गणनेत ब्विंडी व लगतच्या सारांब्वे येथे ४५९ गोरिला आढळले. वानरकुलातील मोठ्या प्राण्यांपैकी ज्याची संख्या वाढते आहे असा हा जवळजवळ एकटाच होय.

परंतु या जमेच्या बाजूला खर्चही आहे, आणि तो कोणी सोसला हे नमूद केले पाहिजे. बाट्वा ही ठेंगणी, कंदमुळे व शिकार यांवर जगणारी जमात पिढ्यान्‌पिढ्या याच अरण्यात राहत होती. १९९१ साली उद्यान झाले तेव्हा तिला बाहेर पडावे लागले. शेतजमीन नसल्याने तिच्या वाट्यास मोलमजुरी आली. आता काही बाट्वा प्रवाशांना जंगलाच्या कडेला आपल्या पूर्वीच्या जीवनाची रीत दाखवितात आणि त्यावर चार पैसे मिळवितात. घरातून काढलेल्या माणसाने घराचे वर्णन करून पोट भरावे, हा तोडगा अपुरा आहे.

पैशाचा झरा आटला की काय होते, तेही दिसून आले. २०२० साली साथीमुळे प्रवासी येईनासे झाले. त्याच जून महिन्यात एन्कुरिंगो कुटुंबाचा प्रमुख, रफिकी नावाचा नर, लहान जनावरांच्या शिकारीसाठी शिरलेल्या एका इसमाच्या भाल्याने मारला गेला. त्या इसमास अकरा वर्षांची शिक्षा झाली.

उत्तरेकडील किबाले अरण्यात चिंपांझी पाहावयास मिळतात. येथे माकडे व वानर मिळून तेरा जाती आहेत. गोरिला बैठा, तर चिंपांझी सतत फिरता. म्हणून येथे वाटाड्याला कानांवर भिस्त ठेवावी लागते. खोडाच्या पसरट मुळांवर चिंपांझी पायांनी ढोल वाजवितात, तो नाद दुरून ऐकू येतो. ते फलाहारी खरे, पण लाल कोलोबस माकडांची टोळीने शिकारही करतात. हे दृश्य कोमल मनाच्या पाहुण्यास सोसवत नाही. पक्षिप्रेमी मात्र पहाटे जमिनीकडे नजर लावून बसतात. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या नवरंग पक्ष्याचा हिरव्या छातीचा आफ्रिकी भाऊबंद येथील पाचोळ्यात वावरतो.

क्वीन एलिझाबेथ उद्यानातील काझिंगा कालवा सुमारे ३२ किलोमीटर लांबीचा असून एडवर्ड व जॉर्ज ही सरोवरे जोडतो. नावेतून जाताना पाणघोडे, म्हशी, हत्ती आणि मत्स्यगरुड दोन्ही काठांवर दिसतात. मांडवीच्या काठी दिसणारा काळापांढरा कवड्या धीवर तेथेही पाण्यावर स्थिर फडफडत मासा हेरतो. इशाशा भागातील सिंह उंबराच्या झाडांवर चढून विसावतात. याच उद्यानात २०१८ साली अकरा सिंह विषप्रयोगाने मेले. गुरे मारली गेली की गुराख्याचा संताप विषाच्या रूपाने बाहेर पडतो. माणसांचेही बळी गेले आहेत: १९९९ साली ब्विंडीत सशस्त्र टोळीने आठ परदेशी प्रवासी मारले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये क्वीन एलिझाबेथ उद्यानात एका जोडप्यासह त्यांच्या युगांडी वाटाड्याचाही बंडखोरांनी जीव घेतला.

एंटेबेजवळ व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी माबांबा नावाची दलदल आहे. तेथे बुटासारख्या अवजड चोचीचा, माणसाच्या छातीपर्यंत पोहोचेल एवढा उंच, राखी रंगाचा शूबिल पक्षी राहतो. हा पक्षी दिसला की त्या दिवशी जाळ्यात मासा लागत नाही, अशी कोळ्यांची समजूत होती. म्हणून ते त्याला मारीत. दोघांची नजर एकाच फुप्फुसी माशावर, तेव्हा या समजुतीला थोडा आधारही असावा. आज त्याच कोळ्यांपैकी काहीजण वाटाडे झाले आहेत आणि पपायरसच्या गचपणातून होडी सारीत पाहुण्यांना त्या पक्ष्यापाशी नेतात. सकाळी पक्षी दिसला तर दिवसाची कमाई झाली, असा आता त्यांचा हिशेब आहे.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. जून ते ऑगस्ट आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने त्यातल्या त्यात कोरडे असतात. गोरिलांचे परवाने बरेच आधी राखून ठेवावे लागतात. पीतज्वराची लस प्रवासापूर्वी किमान दहा दिवस अधिकृत केंद्रात टोचून घ्यावी. तिचा दाखला युगांडात उतरताना लागतो आणि भारतात परतताना विमानतळावरही मागितला जातो. ज्याला सर्दी किंवा ताप असेल त्याने डोंगर चढण्याआधीच वाटाड्याला तसे सांगावे.